आसनशास्त्र आणि हजेरीमीमांसा : कॅनन मंडळींविषयी एक किरकोळ प्रबंध

मोसंबी, लोखंडी सळई आणि बियाणे ही जालना जिल्ह्याची तीन उत्पादने जगाला ठाऊक आहेत. चौथे उत्पादन म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. तिची नोंद कुठल्याच गॅझेटिअरने घेतलेली नाही. प्रस्तुत प्रबंध याच चौथ्या उत्पादनातून तयार झाला आहे, हे वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे.

विषय असा. कॅथोलिक धर्मप्रांतात बिशपचे जे मुख्य चर्च, ते कॅथेड्रल. जुन्या कॅथेड्रलांत धर्मगुरूंचे एक मंडळ असे. रोजच्या प्रार्थना एकत्र म्हणायच्या, बिशपला सल्ला द्यायचा आणि बिशपची गादी रिकामी पडली की कारभार पाहणारा माणूस निवडायचा, ही त्याची कामे. या मंडळाला इंग्रजीत चॅप्टर आणि पोर्तुगीजमध्ये काबिदो म्हणतात. त्याचा सभासद तो कॅनन, पोर्तुगीजमध्ये कोनेगो.

येथे पूर्वपक्षी विचारील, की याचा जालन्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. जालना ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येते तो 1977 मध्ये स्थापन झाला. एवढ्या नव्या धर्मप्रांतांत कॅनन ठेवायची रीत सहसा नसते. 1983 च्या धर्मसंहितेचे 502 वे कलम 6 ते 12 धर्मगुरूंचे सल्लागार मंडळ पाच वर्षांसाठी नेमायला सांगते आणि काम भागवते. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले खरे, पण ते प्रेस्बिटेरियन. त्या पंथात बिशपच नाही, मग त्याची खुर्ची कुठली आणि खुर्चीभोवतीची मंडळी तरी कुठली! तेव्हा संशोधकाला गोव्याकडे प्रस्थान ठेवणे भाग आहे. पण त्याआधी व्युत्पत्ती. व्युत्पत्तीवाचून प्रबंध म्हणजे फोडणीवाचून वरण.

कॅथेड्रल हा शब्द 'कॅथेड्रा' म्हणजे खुर्ची यावरून आला. गोव्याच्या कॅथेड्रलला 'सी' म्हणतात, तो लॅटिन 'सेदेस', म्हणजे आसन. या दोन्हींच्या मुळाशी जो धातू आहे तोच आपला 'सद्', अर्थात बसणे. सदन, परिषद, सभासद, उपनिषद ही सगळी त्याचीच लेकरे. म्हणजे ज्ञान असो, राज्य असो की धर्म, माणूस प्रथम बसतो. उभ्या उभ्या कुणी काही स्थापन केल्याचा पुरावा भाषाशास्त्रात सापडत नाही.

'कॅनन' त्याहून रसाळ आहे. ग्रीकमध्ये 'कानोन' म्हणजे मोजपट्टी, पुढे नियम. हाच शब्द अरबीत 'कानून' झाला आणि फारसीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. शिवरायांच्या अष्टप्रधानांची कामे सांगणाऱ्या कानुजाबत्यातला 'कानू' तोच. उत्तरेत परगण्याचे दप्तर सांभाळणारा कानूनगो, त्यातही तोच. आता उत्तरेत कानूनगो जे काम करी ते आपल्याकडे देशपांडे करत. यावरून गोव्याचा कोनेगो हा जालन्यातल्या कोणाही देशपांड्याचा शब्दसंबंधाने चुलतभाऊ लागतो. देशपांड्यांनी मनावर घेऊ नये. शास्त्राला नातीगोती पाहता येत नाहीत.

'चॅप्टर' म्हणजे मात्र साधा अध्याय. आठव्या शतकात मेट्झचा बिशप क्रोडेगांग याने आपल्या कॅथेड्रलच्या धर्मगुरूंसाठी नियमावली लिहिली. तिचा एकेक अध्याय रोज सर्वांपुढे वाचायचा. जिथे वाचत त्या खोलीला अध्याय म्हणू लागले, मग ऐकणाऱ्यांनाही. गुरुचरित्राच्या पारायणाला बसलेल्या मंडळींनाच आपण 'अध्याय' म्हणावे, तसा हा प्रकार.

मंडळात मानकरी असत. डीन हा प्रमुख. शांत्र गायनाचा अधिकारी, तेझोरैरो भांडार सांभाळणारा, मेश्त्र-इश्कोल शिकवणीवाला, शिवाय आर्चडीकन. पंढरपूरच्या सेवाधाऱ्यांची यादी ज्याला पाठ आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. तिथे हरिदास गाई, दिवटे दिवटी धरी, डांगे दंड धरी, परिचारक पाणी आणी. देव कुठलाही असो, त्याच्या सेवेची वाटणी करायला बसले की माणसाची बुद्धी एकाच रस्त्याने जाते. फरक इतकाच, की सेवाधाऱ्यांची सेवा वंशपरंपरेने चाले आणि कॅननांना वंशच नसे.

आता मुख्य सिद्धांत. कॅनन मंडळ ही मुळात प्रार्थनेची नसून हजेरीची संस्था आहे. मॅटिन्सपासून कॉम्प्लिनपर्यंत दिवसरात्रीच्या प्रार्थनावेळा आठ. आपले प्रहरही आठ. पण आपण 'अष्टौप्रहर' हा शब्द बोलण्यापुरता ठेवला, यांनी तो अंमलात आणला. परिणामी गैरहजेरी उद्भवली. 1435 मध्ये बासेलच्या धर्मपरिषदेने ठरवले, की पहाटेच्या प्रार्थनेचे आरंभीचे स्तोत्र संपण्यापूर्वी जो पोचला नाही, इतर वेळी पहिले स्तोत्र संपण्यापूर्वी जो पोचला नाही, तो त्या वेळेपुरता गैरहजर. प्रार्थना चालू असताना गप्पा मारू नयेत, पत्रे वाचू नयेत, असेही बजावले. परिषदेला बजावावे लागले, यातच सगळा इतिहास आला. पुढे 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजर राहणाऱ्याचे त्या वर्षीचे निम्मे उत्पन्न कापायला सांगितले आणि पुन्हा तेच केल्यास सगळे. शिवाय रोजचा भत्ता हजर असेल त्यालाच.

मी ज्या कचेरीत नोकरी केली (नाव कशाला) तिथे मस्टर वेळेवर साहेबांच्या टेबलावर जाई आणि तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापली जाई. हे कुणा मुंबईच्या सचिवाचे डोके असे मी निवृत्तीपर्यंत समजत होतो. मूळ कल्पना बासेलची. त्यांनी स्तोत्राची मुदत दिली होती, आम्हाला दहा मिनिटांची. माझ्या मते स्तोत्र जास्त माणुसकीचे. ते लांबवून म्हणणारा एखादा मित्र सापडू शकतो.

हजेरी लावली, पण उभे किती राहणार? यावर युरोपने काढलेला तोडगा म्हणजे मिसेरिकॉर्ड, शब्दशः 'दया'. कॅननचे आसन घडीचे. ते वर उचलले की त्याच्या खालच्या बाजूला एक छोटी फळी असते. उभा माणूस तिच्यावर बूड टेकवू शकतो. लोकांना तो उभा दिसतो, देवाला बसलेला. सुतारांनी या फळ्यांखाली हंसांना प्रवचन देणारे कोल्हे कोरून ठेवले आहेत. कोल्हा कोण, याचा निर्णय मी करणार नाही. रात्रभरच्या कीर्तनात खांबाला पाठ लावून उभा राहणारा टाळकरी मात्र ही दया खांबाकडूनच मिळवतो. आपल्या सुतारांनी इकडे लक्ष घालावे.

आता गोवा. 25 नोव्हेंबर 1510 ला, संत कॅथरिनच्या दिवशी, पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने गोवा घेतले म्हणून जुन्या गोव्यातले हे कॅथेड्रल तिच्या नावाचे. धर्मप्रांत 1534 चा. आजची इमारत 1562 मध्ये सुरू झाली ती 1619 मध्ये पुरी झाली, म्हणजे आपल्याकडच्या उड्डाणपुलांनी लाजण्याचे कारण नाही. पाद्रुआदो या व्यवस्थेने धर्मगुरूंच्या नेमणुका पोर्तुगालच्या राजाकडे आणि खर्चही राजाकडेच. त्यामुळे कॅनन हा एका अर्थी सरकारी पगारदार. जिथे नेमणूक आहे तिथे ज्येष्ठता आणि अन्याय आलाच. गोमंतकीय धर्मगुरूंना मोठ्या खुर्च्या मिळत नाहीत, या तक्रारीतून कुतो आणि गोन्साल्विस हे दोन पाद्री लिस्बनपर्यंत गेले आणि रिकाम्या हाती परतले. पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा 1787 चा बंडाचा कट त्यातूनच शिजला आणि पुढल्या वर्षी 15 जण फासावर गेले. इथे प्रबंधकाराला आपली किरकोळपणाची प्रतिज्ञा क्षणभर बाजूला ठेवावी लागते.

साथींनी जुने गोवे ओस पडले. 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. व्हाइसरॉय गेले, व्यापारी गेले, बाजार गेला. कॅथेड्रल हलले नाही.

सीसमोर उभे राहून पाहाल तर एकच बुरूज दिसेल, त्यात सोन्याची म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा. दुसरा बुरूज 1776 पासून गैरहजर आहे.