टेन्युअर देणाऱ्या डीनसाहेबांस अनावृत पत्र

माननीय डीनसाहेब,



आपल्याकडच्या एका उमेदवाराला टेन्युअर, म्हणजे कायमची प्राध्यापकी, द्यावं की नाही, याबद्दल माझं मत मागणारी आपली मेल मिळाली. जून उजाडून आम्ही जरा मोकळे झालो की अमेरिकेतल्या यच्चयावत डीनांना आमची आठवण येते. पत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला हवं; म्हणजे सुट्टीत काय करावं, हा प्रश्न आपणच सोडवलात. हस्तलिखित तपासायला प्रकाशक निदान काहीशे डॉलर तरी हातावर ठेवतो. आपण माझं मत ‘अमूल्य’ ठरवून तोही प्रश्न निकालात काढलात.

अट अशी, की उमेदवार माझ्या ओळखीचा नसावा. सहलेखक नको, विद्यार्थी नको, मित्र तर नकोच. मात्र त्याच्या कामाची मला खडान्‌खडा माहिती हवी. साहेब, आमच्या विषयातले सगळे दरवर्षी एकाच परिषदेत, कॉफीच्या एकाच रांगेत उभे असतात!

शिवाय, कोविडमुळे 2020 मध्ये टेन्युअरच्या मुदतीत मिळालेलं वाढीव वर्ष उमेदवाराच्या विरोधात धरू नये, ही ठळक अक्षरांतली सूचना. धरत नाही. ती वाचेपर्यंत ते वर्ष माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आणि तो लाडका प्रश्न : ‘तुमच्या विद्यापीठात यांना टेन्युअर मिळालं असतं का?’ आज मला तरी मिळालं असतं का, हे मी स्वतःला विचारायचं टाळतो.

पत्र गोपनीय राहील म्हणता आणि लगेच ‘कायद्याने शक्य तितकं’ अशी पाचर मारता. खरंच आहे. भेदभावाच्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापासून अशी कागदपत्रं दडवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सुनावलंय. तेव्हा शहाणा माणूस स्तुतीच लिहितो, आणि आपली समिती त्या स्तुतीत खोट शोधत बसते. स्थळाची चौकशी केल्यावर कुणी ‘मुलगा स्वभावाने चांगला आहे’ एवढंच म्हणालं, की मुलीकडचे काय ते समजतात. तसं मी ‘काम भक्कम आहे’ लिहिलं, की उमेदवार घरी. म्हणून ‘असामान्य’ लिहायचं. बाकीचेही तेच लिहितात.

पत्र लिहायला नकार कळवावा, तर काही विद्यापीठं तो नकारही फायलीला जोडतात. म्हणजे मी आईला भेटायला साताऱ्याला जायचं आणि इथे कुणाला तरी टेन्युअर हुकून वर्षभरात चंबूगबाळं आवरावं लागायचं.

तर पत्र पाठवतो आहे. दोन पानं, वेळेत, विशेषणांसकट. त्यासाठी उमेदवाराचं पुस्तकही वाचलं; दुसरं प्रकरण सोडलं तर फार चांगलं आहे. त्याच्या शेजारच्या खोल्यांत सहा वर्षं बसणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना एक विनंती : आमची पत्रं उघडण्याआधी ते पुस्तक वाचा. मी कॅटलॉग पाहिला. प्रत आपल्याच ग्रंथालयात आहे आणि ती कुणीही नेलेली नाही.

आपला,
एक बाह्य मूल्यमापक