उदासीन मतदार गाठण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (हिंगोली आवृत्ती)

हे मार्गदर्शन सर्व पक्षांच्या जिल्हाप्रमुखांसाठी, तालुकाप्रमुखांसाठी आणि आपण नेमके कोणत्या गटाचे प्रमुख आहोत याचा निरोप मुंबईहून अजून न आलेल्या प्रमुखांसाठी आहे. निष्ठावान मतदार गाठायला अक्कल लागत नाही. तो स्वतःच तुमच्या गाडीमागे पळतो, वर डिझेलही मागतो. खरी कसोटी राजकारणाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्याची.

प्रथम त्याला ओळखावे. हॉटेलात टीव्हीवर चर्चा सुरू झाली की जो ‘हवामान लावा’ म्हणतो, तो हा. पालकमंत्री कोण, हे त्याला सांगता येत नाही. वसमतच्या मोंढ्यात काल हळद काय भावाने सुटली, हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेल. अशा माणसाला ‘जागृती नाही’ म्हणण्याची घाई कार्यकर्त्याने करू नये. अभ्यासक्रम किती अवघड आहे, ते आधी पाहावं.

हिंगोली लोकसभेचंच घ्या. २००९ साली सुभाष वानखेडे धनुष्यबाणावर निवडून आले. २०१४ ला तेच वानखेडे, तोच बाण, आणि काँग्रेसच्या राजीव सातवांकडून १,६३२ मतांनी पराभव. २०१९ ला वानखेडे पंजावर उभे, आणि त्यांच्यासमोर धनुष्यबाण घेऊन हेमंत पाटील. पाटील जिंकले. २०२४ ला पाटलांना पुन्हा उमेदवारी जाहीर झाली, मग ती मागे घेतली गेली आणि बाण बाबुराव कदम कोहळीकरांच्या हाती आला. समोर मशाल घेऊन नागेश पाटील आष्टीकर. म्हणजे शिवसेना विरुद्ध शिवसेना, आणि दोन्ही उमेदवार नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातले. जो हिंगोलीकर पंधरा वर्षं इमानेइतबारे बाणालाच मत देत आला, त्याला या काळात आपण नेमके कोणाच्या बाजूने होतो, हे सांगायला वकील लावावा लागेल.

ही झाली लोकसभा. कळमनुरीचा पेपर याहून कठीण. तिथले आमदार संतोष बांगर जून २०२२ मध्ये, शिंदेंबरोबर गेलेल्या आमदारांनो परत या, म्हणून लोकांसमोर रडले. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षाच्या निवडणुकीत ते ठाकरेंच्या बाजूला होते. ४ जुलैला विश्वासमताच्या वेळी शिंदेंच्या. आता ४ तारखेला सकाळी पेपर वाचून निंदणाला गेलेला माणूस घ्या. तो त्याच संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचं राजकीय ज्ञान कालबाह्य झालेलं होतं. त्याने पुन्हा पेपर हातात घेतला नसेल, तर त्याला उदासीन म्हणायचं की शहाणा, हे ज्याने त्याने ठरवावं. (माझं मत शहाण्याच्या बाजूने आहे, पण मार्गदर्शकाने तटस्थ राहायचं असतं.)

आता प्रत्यक्ष कृती.

वेळ कोणती निवडावी? आयोग निवडतो, तुमच्या हातात नाही. २६ एप्रिल २०२४ ला मतदान होतं, म्हणजे हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून मोंढ्यावर न्यायच्या दिवसांत, वर लग्नसराई. अशा वेळी प्रचारफेरी आखाड्यावर नेली तर मतदार नमस्कार करील; पण हातात फावडं असेल आणि नजर आभाळाकडे. अवकाळीचे दोन थेंब पडले तर तो तुमच्या उमेदवाराला ताडपत्रीचं एक टोक धरायला लावील. धरावं. फोटो चांगला येतो. लग्नाचा मांडव हे तर आयतं सभास्थान. उमेदवाराने अक्षतांच्या आधी दोन मिनिटं पोहोचून वधूवरांना आशीर्वाद द्यावेत, माइक हाती आला तर विकासाबद्दल बोलावं आणि जेवायच्या आत पुढच्या मांडवाकडे निघावं. वऱ्हाडी मंडळी कोणत्या मतदारसंघातली आहेत, हे तेवढं आधी विचारून घ्यावं. अर्धी परभणीची निघाली की आशीर्वाद वाया जातात.

फोनची पद्धत स्वस्त आहे. ‘नमस्कार, मी तुमचा...’ असा रेकॉर्ड केलेला आवाज एका दिवसात सगळ्या जिल्ह्यात जातो. तोटा एवढाच, की घरातली आजी तो फोन घेते आणि प्रश्न विचारते. ‘कोण बोलायलाव? बरे हाव का? आमची डीपी जळून पंधरा दिस झाले, कुणाला तरी सांगा की बापा.’ आवाज आपलं भाषण पूर्ण करतो आणि बंद होतो. आजीचा समज होतो की माणूस मोठा आहे, घाईत असेल.

लेकरांमार्फत पोहोचण्याची पद्धत खास आपल्या जिल्ह्याची आहे, तिला बाहेर फारशी मान्यता मिळाली नाही याची खंत वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमदार बांगरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना सांगितलं, की आईबापांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. राज्यभर टीका झाली. टीकाकारांनी तंत्र समजून घेतलं नाही. उदासीन मतदार सभेला येत नाही, टीव्ही पाहत नाही, पत्रक वाचत नाही. पण लेकराने ताट सरकवलं की तो विचारणारच, काय झालं? पद्धतीत दोष एकच. शाळेत दुपारी खिचडी मिळते आणि दहा वर्षांचं पोर पक्षासाठी ती सोडत नाही.

चिन्हाचा विषय नाजूक आहे. २०२४ ला हिंगोलीत ३३ उमेदवार होते. नोटा धरून चौतीस बटणं, म्हणजे तीन यंत्रं ओळीने मांडलेली. राजकारण न पाहणारा मतदार तिथे उभा राहतो, तेव्हा तो तुमची विचारधारा आठवत नसतो. पहिल्या यंत्रावर आहे की तिसऱ्या, एवढंच शोधत असतो. त्याला एक वस्तू दाखवा आणि तीच दाखवत राहा. वस्तूसारखी दुसरी वस्तू यंत्रावर आली तर काय होतं, ते दिंडोरीला त्याच निवडणुकीत दिसलं. तुतारी फुंकणाऱ्या माणसाशेजारी नुसती तुतारी होती, दोन्ही उमेदवारांचं आडनावही भगरेच होतं, आणि नुसत्या तुतारीवाल्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली. साताऱ्यात तशाच चिन्हाने ३७,०६२ मतं नेली, आणि विजयी आणि पराभूत यांच्यातलं अंतर ३२,७७१ चं होतं. तेव्हा ज्या पक्षांना स्वतःचा मतदार गाठणं जमत नाही, त्यांनी दुसऱ्याचा मतदार वाटेत गाठावा. कष्ट कमी.

लक्ष्मीदर्शनाबद्दल लेखी काही देता येत नाही.

सरकारी पद्धत मात्र लेखी देता येते. जून २०२४ मध्ये आष्टीकर १,०८,६०२ मतांनी जिंकले. त्याच महिन्याच्या अखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना १,५०० रुपये. नोव्हेंबरात विधानसभेला हिंगोली, कळमनुरी आणि वसमत या तिन्ही जागा महायुतीकडे गेल्या. लोकसभेला पडलेले कोहळीकरही हदगावहून आमदार झाले. एवढ्याने एवढं झालं असं मी म्हणत नाही, राजकारणात कारणं मोजून मिळत नाहीत. पण संपर्कशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की आहे. पक्षाचे शंभर मेसेज न उघडणारी बाई बँकेचा मेसेज उघडते, चष्मा नसेल तर शेजारच्या पोराकडून वाचून घेते. पुढे योजनेला ई-केवायसी लागली. ती निवडणुकीच्या आधी का लागली नाही, असा प्रश्न उदासीन मतदार विचारत नाही. जागृत मतदारही आपापल्या पक्षाप्रमाणे विचारतो.

आता यंत्राची पद्धत. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म थरथर इथे टिपायची, असा बेत. सेनगावच्या मतदाराची थरथर यात सापडेल का, अशी चौकशी काही पदाधिकारी करतील, म्हणून आधीच सांगतो: अशा यंत्राला शांतता लागते. डीजे चालत नाही. शिवाय जमिनीचाही भरवसा नाही. आचारसंहिता लागून पाच दिवस झाले होते, २१ मार्च २०२४ च्या सकाळी जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हलला. लोक अंगणात आले. वर्षानुवर्षं जमिनीखालून गूढ आवाज ऐकणाऱ्या पांगरा शिंदेकरांना त्यात फार नवल वाटलं नसावं. पण एखाद्या चतुर उमेदवाराने त्या सकाळी गल्लीतून चक्कर मारली असती, तर सगळे मतदार एकाच वेळी घराबाहेर सापडले असते. ही संधी नियोजनाअभावी हुकली.

काय टाळावं, तेही सांगतो. निवडणूक नसताना जाऊ नये. गेलात की मतदाराला वाटतं कोणी वारलं आणि तो चहा ठेवतो. मग तो बोलायला लागतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात पट्टी चार हजारांच्या आसपास फाटली, हे तो तुम्हाला पट्टी दाखवून सांगेल. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला येत नाही, हे सांगेल. गुत्तेदाराने रस्ता कुठे सोडला, ते दाखवायला घेऊन जाईल. तासाभरात ध्यानात येतं, की राजकारण न पाहणाऱ्या या माणसाला सरकारबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. फक्त माणसांची नावं येत नाहीत. हा अनुभव कार्यकर्त्याच्या मनोबलाला बरा नाही. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला. पंचायत समितीचा सदस्य म्हणून दारात जाणारा माणूसच उरला नाही.

शेवटचा मुद्दा थोडा तांत्रिक आहे. कधीकधी मतदारच पक्षांपर्यंत पोहोचायला निघतो. काही वर्षांपूर्वी सेनगाव तालुक्यातल्या ताकतोड्याने गाव विकायला काढलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढले, मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, दरपत्रक जोडलं: लिव्हर ९० हजार, किडनी ७५ हजार, डोळे २५ हजार. मग ते मुंबईलाही गेले. अशा प्रसंगी पक्षाने काय करावं, याची सूचना या मार्गदर्शनात नाही. हे मार्गदर्शन मतदारापर्यंत पोहोचण्याचं आहे. मतदार तुमच्यापर्यंत पोहोचत असेल, तर ते खातं पोलिसांचं.