कारण नमूद करावे

आमच्या सासऱ्यांची बंदूक लहान तोंडाची आहे. बंदुकीच्या दुनियेत बोअरचा हिशेब उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस बोअर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी बंदूक लहान. या हिशेबाला न जुमानणारी आमची चारशेदहा. तिचा आकडा हा थेट नळीच्या तोंडाचा, इंचाचे चारशेदहा हजारांश. काडतूस करंगळीएवढं आणि त्यात छर्रे अर्धा औंस, म्हणजे जेमतेम चौदा ग्रॅम. बारा बोअरवाले हिला बंदूक म्हणायलाच तयार नसतात. विलायतेत ही पोरांना नेम शिकायला देतात, नाहीतर कोठारातले उंदीर मारायला वापरतात.

सासऱ्यांच्या वडिलांना ती गोदीतल्या एका साहेबानं मायदेशी परतताना विकली. तेव्हापासून ती कणकवलीजवळच्या आमराईत शेतीसंरक्षणाची नोकरी करते आहे. आबांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, तिनं आजवर एकही माकड मारलेलं नाही. "माकडाक लागूक व्हयी असा नाय, जावयबापू," ते मला समजावतात, "आयकाक इला म्हंजे झाला." आंबा तयार व्हायच्या सुमाराला ते पहाटे अंगणात येऊन आभाळाकडे एक बार काढतात. माकडं शेजारच्या बागेत जातात. शेजाऱ्याकडे बारा बोअर आहे. तो बार काढतो, माकडं परत येतात. ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे.

तर आबांनी सत्तरी ओलांडली. वयाची सत्तर वर्षं झालेल्या परवानाधारकाला आपलं हत्यार कायदेशीर वारसाच्या नावे करायला 2016 च्या शस्त्र नियमांत वाट आहे, हे त्यांनी कुठूनसं वाचलं. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणाली, "मला आईची पैठणी द्या, बंदूक ह्यांना." आणि मी बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये, डायनिंग टेबलावर अर्ज पसरून बसलो.

अर्जाला घाबरायचं कारण नव्हतं. आमचं निम्मं आयुष्य रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करण्यात गेलेलं आहे. बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, ती हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, शरीरानं आणि मनानं ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला, सगळं जमण्यासारखं होतं. आमच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, "रोज आठ-बावीसची चर्चगेट फास्ट पकडता ना? मग शरीर ठीक आहे. मनाचं काय लिहू?" अडलो ते एका रकान्यापाशी: हत्यार कशासाठी हवं? कारण नमूद करावे.

सुताराच्या पोराला खिळा दिसतो तसा रिकामा रकाना दिसला की सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. मी आधी मूळचंच कारण लिहून पाहिलं. 1959 चा शस्त्र कायदा साध्या नळीच्या बंदुकीबाबत तसा मवाळ आहे. नळी किमान वीस इंच हवी आणि वापर स्वसंरक्षणाचा किंवा खेळाचा. शेताच्या राखणीला त्याची पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीला. तिच्यानं भागत नसेल तर पुढचं. माझं शेत म्हणजे बाल्कनी. त्यात एक कढीपत्ता, एक तुळस आणि कधीच न लागणारा एक टोमॅटो. पण राष्ट्रीय उद्यान हाकेवर आहे आणि त्यातली माकडं आमच्या गल्लीत गाडीनंबरासकट सगळ्यांना ओळखतात, तेव्हा पिकाला धोका नाही असं म्हणता येणार नाही. मी आबांना फोन करून विचारलं, राखणीच्या कामात मुख्य अडचण काय? ते म्हणाले, "आचारसंहिता."

खरंच आहे. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. लोकसभा येते नेमकी एप्रिल-मेमध्ये, आंबा तयार होताना. 2024 साली मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा; बंदूक दोनदा ठाण्यात जाऊन आली. आचारसंहिता बंदुकीला लागते, माकडाला लागत नाही. त्या वर्षी आबांनी बागेत रिकामा डबा बडवला. माकडं तितक्याच शिस्तीत शेजाऱ्याकडे गेली, म्हणजे बंदुकीचं काम डबाही करतो. ही गोष्ट अर्जात लिहिणं आपल्याच पायावर धोंडा मारून घेण्यासारखं होतं.

मग स्वसंरक्षण. बोरिवलीत स्वतःचं रक्षण करायचं ते कोणापासून? पहिलं उत्तर बिबट्या. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या कुशीत आहे आणि त्यातले बिबटे मुलुंडपासून आरेपर्यंत रात्रीचे फिरायला निघतात. बिबट्याला कायद्याचं संरक्षण पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे माझ्यापेक्षा बरंच वरचं. त्याच्यावर अर्धा औंस छर्रे उडवले तर तो फक्त चिडेल, आणि वनखातं त्याच्याहून जास्त. शिवाय सप्टेंबर 2021 मध्ये आरे कॉलनीत काय झालं ते साऱ्या मुंबईनं पाहिलं आहे. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई घराबाहेर ओट्यावर टेकल्या होत्या. मागून बिबट्या आला, झेपावला. बाईंनी हातातल्या आधाराच्या काठीनं त्याला हाणलं आणि तो पळाला. सीसीटीव्हीत सगळं आलं आहे.

दुसरा शत्रू उंदीर. इथे निदान आमच्या बंदुकीचा विलायती अनुभव उपयोगी पडेल असं वाटलं होतं. पण महापालिकेनं त्या कामावर माणसं नेमलेली आहेत. ती रात्री टॉर्च आणि काठी घेऊन गल्लीबोळांतून फिरतात आणि रात्रीला किमान तीस उंदरांचा हिशेब देतात. कचऱ्याच्या ढिगाशी टॉर्चचा झोत पडतो, उंदीर क्षणभर दिपतो, काठी खाली येते. नेम म्हणावा तर याला. साप निघाला तर सर्पमित्र आकडा लावलेली काठी घेऊन येतो. मोर्चा निघाला तर पोलीस लाठी घेऊन येतात. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत काठीनं होत नाही असं एकही काम मला बंदुकीसाठी शिल्लक सापडेना.

पोलिसांवरून आठवलं. आमच्या चारशेदहाची एक सख्खी बहीण सरकारी चाकरीत होती. इंग्रजांनी इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफली घेतल्या, आतून नळी गुळगुळीत केली आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी चारशेदहाची मस्केट करून ती हिंदी पोलिसांच्या हाती दिली. सत्तावन्नचं बंड साहेबाच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. माणूस सशस्त्र तर दिसावा, पण फिरलाच तर फार काही करता येऊ नये, हा हेतू. सासऱ्याच्या मनात जावयाविषयी नेमकी हीच भावना असते. ही बंदूक माझ्याकडेच का येते आहे, याचा उलगडा मला तिथे झाला.

पण उपनगरातला खरा शत्रू वेगळाच आहे आणि तो या क्षणी माझ्या एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसून घुमतो आहे. जुलै 2025 मध्ये सरकारनं विधान परिषदेत मुंबईतले एक्कावन्न कबुतरखाने बंद करण्याचं जाहीर केलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री आली, ती फाडली गेली, प्रकरण हायकोर्टात गाजलं. आमच्या सोसायटीत त्याचे दोन पक्ष पडले. दाणेवाले आणि खोकलेवाले. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलेना.

लहान बोअरचा पक्ष्यांशी संबंध तसा सन्मानाचा आहे. नमुने गोळा करणारे अभ्यासक अगदी बारीक छऱ्यांचं काडतूस अशाच बंदुकीतून उडवत, म्हणजे पक्ष्याच्या चिंध्या होत नसत. आणि 1908 साली खेतवाडीतल्या एका पोरानं तर नुसत्या छऱ्याच्या एअरगननं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून मामानं त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं, आणि त्यातून देशाला सालिम अली मिळाले. मीही एका कबुतराकडे बराच वेळ निरखून पाहिलं. गळ्यावर हिरवा-जांभळा रंग होता. कोणाकडे घेऊन जावं असं काही दिसलं नाही. आणि गोळी झाडलीच, तर ते उडून एक फेरी मारील आणि बंदुकीच्या नळीवर येऊन बसेल, याविषयी मला शंका नाही.

कावळ्याचा विचार करायची वेळ तर आधीच टळली आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला उंदीर आणि वटवाघळांच्या पंगतीत बसवून उपद्रवी ठरवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. म्हणजे पन्नास वर्षं आपण ज्याला भाद्रपदात हात जोडून पिंडाला बोलावत होतो, तो बाकीचे अकरा महिने मारायला मोकळा होता. तरी त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. आपल्याही पिंडाचा प्रश्न असतो.

खेळ हे तिसरं कारण. वरळीला रेंज आहे, पण तिथे नाव निघतं ते रायफल आणि पिस्तुलाचं, आणि ऑलिंपिकमध्ये तबकड्या फोडतात त्या बारा बोअरनं. आमचीला तिथेही कोणी विचारत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढावा, तर 2019 पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. राहता राहिली खंडेनवमी. शस्त्रांची पूजा करायची, झेंडूची माळ घालायची. सध्या आमच्याकडे त्या दिवशी लॅपटॉप, मिक्सर आणि स्कूटरची पूजा होते. त्यांच्या रांगेत बंदूक शोभली असती हे मान्य. पण "वर्षातून एकदा हळदकुंकू वाहण्यासाठी" हे कारण डेस्कवरचा हवालदार कोणत्या आवाजात वाचील याची कल्पना आली.

बातमी अर्थात सेक्रेटरीपर्यंत पोचली. ते संध्याकाळी स्वतः वर आले, दार लावून घेतलं.

"बंदूक आणताय म्हणे."

"विचार चाललाय."

"बंदूक नाही आणलीत तरी चालेल. परवाना तेवढा करून घ्या. झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावू. पुनर्विकासाची सभा आहे पुढच्या महिन्यात."

आजवर ऐकलेल्या सर्व कारणांत हेच मला सगळ्यात व्यवहार्य वाटलं. रकान्यात मात्र लिहिता येईना.

शेवटी रकाना कोरा ठेवून आम्ही कणकवलीला गेलो. आबांना काय सांगायचं याची गाडीत उजळणी केली होती. गरज पडली नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच नावानं नूतनीकरणाचा अर्ज केव्हाच भरून टाकला होता. जावई विचार करायला एवढा वेळ घेतो म्हणजे त्याच्या हातून बार निघायचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

"ता ऱ्हवांदे," म्हणाले. "बोरिवलेक ती कबुतरांची जाळी लावतत ना, ती मीटराक केवढ्याक पडता? माझ्या चार कलमांक घालून बघूया म्हणतंय. शेजाऱ्याक सांगा नको."