गळाभर गॉथिक

जव्हारात पावसाळा काढलेल्या माणसाला चांदी काळी कशी करायची ते शिकवावं लागत नाही. उंची जेमतेम साडेचारशे मीटर, पण श्रावणात धुकं असं की समोरून येणारी एसटी हॉर्नवरून ओळखायची. या दमट हवेत ट्रंकेतले पैंजण दिवाळीपर्यंत काळेठिक्कर पडतात. आई ते रांगोळीनं, नाहीतर रिठ्याच्या पाण्यानं घासून घासून पांढरे करायची. तोच काळेपणा आता ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतात, हे भाचीनं सांगितलं तेव्हा आईचं आयुष्य फुकट गेलं असं वाटलं.

भाची डोंबिवलीची. शिक्षण कॉमर्सचं, पंथ गॉथिक रोमँटिक. रोज लोकलनं सीएसएमटीला उतरते. 1888 साली पूर्ण झालेली ती अख्खी इमारत गॉथिक. कमानी, मनोरे, दगडात कोरलेले विचित्र प्राणी, सगळं तिथे आहे. पण आठ-सतराच्या फास्टमधून उतरताना वर बघायची सोय नसते. म्हणून गॉथिक शोधायला ती मावशीकडे जव्हारला आली.

येताना दागिन्यांची एक पिशवी घेऊन आली. ओट्याशी उभी राहून तिनं मला थर लावायचं शास्त्र समजावलं. गळ्यालगत काळ्या मखमलीची पट्टी आणि तिच्यावर एका गोऱ्या बाईचा मुखडा. त्याखाली दोन-दोन इंच सोडून साखळ्या, एकीत क्रूस, एकीत वटवाघूळ. सगळ्यात जड लॉकेट सगळ्यात लांब साखळीला, म्हणजे वजनानं ती सरळ लोंबते आणि वरच्यांत गुंतत नाही.

“अगं, मग हे तर चिंचपेटी, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ आणि खाली चपलाहार!” मी म्हटलं.

“मावशी, त्यात उदासी नाही.”

मी मुकाट्यानं आजीच्या लग्नाचा फोटो काढून दिला. पाचही थर जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर आत्ताच शिक्षा सुनावल्याचा भाव. भाचीनं मोबाइलमध्ये त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

काळ्या रंगाचा घोळ मात्र निस्तरेना. 1861च्या डिसेंबरात प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीनं उरलेली चाळीस वर्षं काळे कपडे उतरवले नाहीत. तिचं बघून इंग्लंडभर बायका सुतकात काळे दागिने घालू लागल्या. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात ‘जेट’ नावाचा काळा, हलका पदार्थ सापडतो, त्याच्या माळांचा धंदा जोरात चालला. लॉकेटात गेलेल्या माणसाचे केस ठेवायचे. आपल्याकडे नवरा गेला की आधी काळी पोत तोडत, म्हणजे हिशेब बरोबर उलटा. सौभाग्यच काळ्या मण्यांत! शिवाय संक्रांतीला नवी सून काळी चंद्रकळा नेसते आणि गळ्यापासून कमरेपर्यंत हलव्याचे काटेरी, पांढरेफटक दागिने घालून बसते. संध्याकाळी तिला मुंग्या लागतात. याहून गॉथिक काय करायचं राहिलंय, मला कळत नाही.

फोटोसाठी मुकणे राजांचा जयविलास राजवाडा ठरला. राजवाडा देखणा, पण फारच प्रसन्न. खांब, घुमट, गुलाबी दगड. शापित घराण्याची कळा त्याला येईना. मग धुकं उतरलं आणि भाची खूश झाली. तेवढ्यात वारा सुटला आणि शास्त्र कोलमडलं. क्रूस वटवाघळात, वटवाघूळ केसांत. घरी येऊन खोबरेल तेलाचा थेंब सोडून दोन टाचण्यांनी ती गाठ सोडवता सोडवता माझी मालिका बुडाली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला बाजाराला निघालो. वाटेत मी तिला बोहाड्याचं सांगितलं. मोखाड्याचा बोहाडा म्हणजे रात्रभर संबळ, मशालींचा उजेड, आणि त्यात देवादैत्यांचे प्रचंड मुखवटे चढवून नाचत येणारी सोंगं. ती गप्प झाली आणि तिनं वटवाघूळ ओढणीआड सारलं.

बाजारात सुकटीच्या पाट्यांपाशी एक म्हातारी बाई उभी होती. गळ्यात मण्यांच्या इतक्या सरी की मान दिसेना. काळ्या, लाल, पांढऱ्या, आणि सगळ्यांत खाली दोऱ्यात ओवलेले जुने चांदीचे रुपये. एक-एक रुपया बरोबर तोळ्याचा, त्यामुळे माळ कशी ओळंब्यात! भाचीनं वाकून बघितलं. रुपयावर मुकुट घातलेली व्हिक्टोरिया. जिच्या दुःखानं ही सगळी फॅशन निघाली, ती मोखाड्यात सुकटीचा वास घेत लोंबत होती.

बाईनंही भाचीचे थर एकेक करून उचलून पाहिले. तळहातावर वजन घेतलं. तोंड वाकडं केलं. मग मखमलीवरच्या गोऱ्या मुखड्यावर बोट ठेवलं.

“ही कोण?”

“कुणी नाही, आजी. अशीच.”

“माझी राणी हाय,” बाई म्हणाली. “उगाच कोणाला गळ्यात कशाला बांधायचं?” आणि सुकटीचा भाव पाडायला वळली.

भाचीनं तिथेच काळ्या मण्यांच्या चार सरी घेतल्या. घासाघीस मला करावी लागली, कारण गॉथिक माणसं भाव करत नाहीत.