दोन दिवसांत समुपदेशक

शनिवारी-रविवारी ऑनलाइन वर्ग. सोमवारी ईमेलवर प्रमाणपत्र. मंगळवारी इन्स्टाग्रामवर नावापुढे 'माइंड कोच'. बुधवारी पहिला क्लायंट. गुरुवारी त्याला सल्ला : पॉझिटिव्ह राहा.

शुक्रवारी जीपेवर दीड हजार जमा.

लर्निंग लायसन हातात पडल्यावरही पक्क्या लायसनसाठी महिनाभर थांबावं लागतं. का, तर रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका. दुसऱ्याच्या मनात गाडी घालायला मात्र वीकेंड पुरतो.

कायदा नाही का? आहे की. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. सायकिअ‍ॅट्रिस्टला आधी एमबीबीएस, मग त्यावर पुढची पदवी. समुपदेशकाला काय लागतं? एक खोली, दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा. 2021 साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्यात समुपदेशकही मोजले.

मोजले, एवढंच.

इथे कुणीतरी हात वर करणारच. 'अहो, मग गावोगावी एमडी आणायचे कुठून?' प्रश्न रास्त आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये राष्ट्रीय पाहणी केली. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक विकार. आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना. आणि देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही.

पाहणी 12 राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हा आपल्याकडे सगळे ठणठणीत असणार.

आता गोव्याची गोष्ट. डॉक्टर नसला तरी चालतं, हे सांगताना वीकेंडवाल्यांना गोवा फार आवडतो. ते अर्धीच सांगतात. आपण पूर्ण ऐकू.

'संगथ' या संस्थेने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. नैराश्याचे जवळपास 500 पेशंट. 'जरा मूड नाही' या जातीचे नव्हेत, चांगले गंभीर. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याखेरीज एका समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी. हा समुपदेशक ना डॉक्टर, ना मानसशास्त्राचा पदवीधर. लोकांची भाषा बोलणारा साधा माणूस. सोफा नाही, बालपणाचं उत्खनन नाही. आजाराने बंद पाडलेली छोटी-छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची, पुढच्या भेटीत सांगायचं काय जमलं, काय नाही. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर, बाकीच्यांत 39 टक्के. 2017 साली 'लॅन्सेट'ने छापलं.

पाहा, म्हणतात कोच, पदवी लागत नाही!

थांबा, उरलेली अर्धी बाकी आहे. या साध्या माणसांना आधी काही आठवडे वर्गात बसवलं. मग कित्येक महिने उमेदवारी. मग पेशंटशी झालेलं बोलणं, पेशंटच्या परवानगीने, रेकॉर्ड व्हायचं. ते रेकॉर्डिंग सहकाऱ्यांच्या गटात वाजायचं आणि तिथे मार्क मिळायचे. कुठे तोंड घातलंस, कुठे ऐकायचं सोडून उपदेश सुरू केलास, सगळं चव्हाट्यावर.

तुमचा कोच आपलं रेकॉर्डिंग चार जणांपुढे वाजवून मार्क घेईल? रेकॉर्डिंग तोही करतो. रीलसाठी.

गोव्यातच आधीचा एक मोठा प्रयोग झाला होता, 24 दवाखान्यांत. निम्मे सरकारी, निम्मे खासगी. सरकारी केंद्रांत समुपदेशक नेमल्याने बरे होणारे ठळक वाढले. खासगी दवाखान्यांत फरकच पडेना. हसू नका. तिथे समुपदेशक असो वा नसो, पेशंट मुळातच बऱ्यापैकी बरे होत होते. का? एक अंदाज असा की तिथला डॉक्टर वर्षानुवर्षं तोच, पेशंटला नावानिशी ओळखणारा, दोन मिनिटं जास्त बोलणारा.

फॅमिली डॉक्टर. आठवतात? मॉलमधल्या पॉलिक्लिनिकच्या नादात आपण ज्यांना मोडीत काढलं, तेच.

मराठी मुलखात काहीच नाही असंही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना ऐकायला शिकवलं. साताऱ्याच्या 'परिवर्तन'ने मानसमित्र तयार केले. मुंबईत कि. मो. फडक्यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मराठीत रुजवली. ती तर तुमच्या लाडक्या समजुतींशी सरळ वाद घालते आणि वर गृहपाठ देते. म्हणूनच आपल्याला ती जरा कमी आवडते. आपल्याला हवी असते मान डोलावणारी थेरपी.

मान डोलवायला व्हॉट्सअ‍ॅप आहे ना?

आणखी एक खूळही तेवढंच जोरात. बोललं की सगळं बरं होतं म्हणे. स्किझोफ्रेनिया? बायपोलर? तिथे आधी औषध, त्याच्या जोडीला बोलणं. आता औषध बंद करायचा निर्णय घरात कोण घेतं? डॉक्टर सोडून सगळे. आत्या म्हणते, तोंड सुजलंय. काका म्हणतात, सवय लागेल. पेशंट म्हणतो, मला तर बरं वाटतंय. बरं वाटतंय ते गोळीमुळे, ही शंका कुणालाच येत नाही.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन गेली अनेक वर्षं पेशंट आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालवते. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात राहून त्यासाठी झटले. याच कळकळीतून 2004 साली 'देवराई' सिनेमा आला. पाहून सगळे गहिवरले.

आणि पुढच्या रविवारी स्थळ बघायला गेल्यावर हळूच विचारलं, 'तुमच्याकडे तसलं काही नाही ना?'

शॉक ट्रीटमेंटचंही तेच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी घातली. पेशंटला साखळीने बांधायलाही बंदी. हिंदी सिनेमाला ही खबर अजून पोचायची आहे. तिथला हिरो आजही हातपाय झाडतोय.

बरं, फुकट काही आहे का? आहे. 14416. टेलि-मानस. ऑक्टोबर 2022 पासून चालू, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पाठ आहे कुणाला? कर्जाची आठवण करून देणाऱ्या बाईंचा नंबर मात्र सेव्ह आहे, 'उचलू नये' या नावाने.

ऑफिसात विचाराल तर तिथे वेलनेस डे असतो. ताण कसा कमी करावा यावर दोन तासांचं सत्र. हजेरी सक्तीची. सुट्टीच्या शनिवारी.

राहता राहिले पैसे. सेशनला दीड-दोन हजार, महिन्याला चार सेशन. मग विमा कशासाठी काढलाय? त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 21 मध्ये स्वच्छ लिहिलंय : शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. 2018 साली विमा नियामकानेही कंपन्यांना तेच बजावलं. वाचून बरं वाटलं ना? आता पॉलिसी काढा आणि बारीक टाइप वाचा. बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते दवाखान्यात भरती झाल्यावर. समुपदेशन तर ओपीडीतलं. म्हणजे विम्याचे पैसे हवेत तर आधी भरती होण्याइतके आजारी पडा, त्याआधी बरं व्हायचा खर्च तुमचा तुम्ही बघा.

हा भेदभाव नाही का, असं विचारून बघा. कंपनीकडे उत्तर तयार असतं. 'भेदभाव कसला साहेब? सर्दीच्या ओपीडीचेही आम्ही देत नाही.'