आधी साडी, मग गाव

लोक आधी गाव ठरवतात आणि मग बॅग भरतात. मला हे कधी पटलेलं नाही. नवं घेतलेलं वस्त्र कपाटात घडी मोडायची वाट बघत बसलेलं असतं. त्याला शोभेल असं गाव शोधायचं, याला म्हणतात नियोजन. तिकिटं, हॉटेल, जेवणाची सोय ही किरकोळ कामं नवऱ्याकडे.

माथेरान असंच ठरलं. विटकरी रंगाचा हातमागाचा कुर्ता घेतला होता आणि पुण्यात तो मिरवायला जागा नव्हती. लक्ष्मी रोडच्या गर्दीत गळ्याखालचं काही दिसतच नाही. माथेरानची माती मात्र जांभ्याची, लोहाने लाल झालेली. खाजगी गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे घोडे आणि चालणारी माणसं मिळून ती धूळ दिवसभर उडवत असतात. म्हणजे तिथे पांढरं घालणं हा निव्वळ अविचार. नाक्यावर आमच्याबरोबर मुंबईच्या चौघीजणी उतरल्या, नखशिखान्त पांढऱ्या लिननमध्ये. बाजारपेठेत पुन्हा दिसल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवून काढल्यासारख्या झाल्या होत्या. माझ्या कुर्त्यावर मात्र धुळीचा कण दिसत नव्हता. त्यावरही बसली होतीच, पण मॅचिंग होऊन बसली होती.

पॅनोरमा पॉइंटला जाताना नवऱ्याने माझे फोटो काढले. त्यात लाल वाट आहे, झाडं आहेत, मागे दरी आहे आणि मधोमध अधांतरी माझा चेहरा आहे. कुर्ता मातीत मिसळून गेलाय. “तूच म्हणालीस ना, मातीशी जुळलं पाहिजे म्हणून?” असं तो म्हणाला. फोटोग्राफी येत नसलेल्या माणसाशी मी रंगसंगतीवर वाद घालत नाही.

माथेरानच्या बाजारात चिक्कीइतकीच चपलांची दुकानं आहेत, आणि ती कोणाच्या जिवावर चालतात हे मला तिथे कळलं. दुकानदाराने आधी माझ्या उंच टाचांकडे पाहिलं, मग वाटेकडे, मग पुन्हा टाचांकडे. “ताई, सात नंबर ना?” एवढंच म्हणाला. कातडी चपला सुंदर निघाल्या. त्यांना जुळणारी ओढणी अजून सापडायची आहे, म्हणजे आणखी एक गाव आलंच.

निघताना सासूबाई दरवर्षी विचारतात, “अगं, थंड हवेच्या ठिकाणी चाललात की बोहल्यावर?” मी म्हणते, “अहो आई, तुम्हीच तर सांगता ना, सप्तशृंगीच्या पायऱ्या नऊवारीत चढलात म्हणून!” यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं. खरंच, काष्ट्याच्या नऊवारीइतका हिंडण्या-फिरण्याला सोयीचा पोशाख आपल्याकडे दुसरा झाला नाही. तिच्यात चढता येतं, उकिडवं बसता येतं, वेळ पडली तर पळताही येतं. फक्त पोटऱ्या उघड्या राहतात. हे कोणाला नडलं, तर आनंदीबाई जोशींना. १८८३ साली त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तिथल्या थंडीत नऊवारीचा निभाव लागेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, नेसण बदलली. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला त्यांचा १८८५ सालचा फोटो आहे: साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतली जपानी विद्यार्थिनी आणि तिच्या पलीकडे आपल्या पारंपरिक वेशातली सीरियन विद्यार्थिनी. परदेशात काय घालावं असं मला कोणी विचारलं की मी तो फोटो दाखवते. विमानतळावर सगळ्यांसारखी करडी ट्रॅकपँट चढवणाऱ्या बायकांना तर मुद्दाम दाखवते.

महाबळेश्वर मी पावसाळ्यात बाद केलंय. धुक्यात पैठणी काय आणि गाऊन काय, सारखंच. गोव्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे नवरा फुलाफुलांचा शर्ट घालतो आणि त्याच्यापुढे माझं काही चालत नाही.

सध्या कपाटात एक निळी अजरख साडी आहे. ती कच्छची. तिथल्या धमडकाचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हे छापकाम करत आले, पण २००१ च्या भूकंपानंतर गावच्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले. मग त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी भुजजवळ चांगलं पाणी पाहून नवं गाव वसवलं, अजरखपूर. रंगासाठी अख्खं गाव हलवणारी माणसं! हे वाचल्यापासून मला फार एकटं वाटत नाही. घरात वाचूनही दाखवलं. नवरा म्हणाला, “त्यांचा तो धंदा आहे.” माझंही काही वेगळं नाही, फक्त उत्पन्न नाही.

तर या निळ्याला पाठीमागे पांढरं हवं, आणि पांढरं हवं तर कच्छचं रण. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते आटलं की मिठाचं पांढरंशुभ्र मैदान उरतं. म्हणून हिवाळ्यातली तिकिटं काढायला सांगितली आहेत. “म्हणजे कच्छची साडी कच्छला दाखवायला न्यायची?” नवऱ्याने तिकिटं काढता काढता विचारलं. मुलीला माहेरी नेतातच की, मी म्हटलं. मग तो त्याचा पांढरा कुर्ता घेऊन आला. पांढऱ्या मिठावर पांढरा कुर्ता. माणूस दिसायचाच नाही.

मी म्हटलं, “घाल, घाल. फोटो तर तूच काढणार आहेस.”