सिंहाची वसुली

टांझानियाच्या सेरेंगेटीतून उत्तरेस निघालेले विल्डबीस्टांचे कळप जुलैच्या सुमारास केनियातील मसाई मारात डेरेदाखल झाले, म्हणजे मुंबईहून विमानाने एक द्विपाद जातीही तेथे अवतीर्ण होते. तिचा वर्ण मातकट, खिसे अगणित, गळ्यात कॅमेरे दोन आणि मुखी आयएसओचा अखंड जप. या जातीचा जो नमुना माझ्या निकट परिचयाचा आहे, ते गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झाले असून, आयुष्यभर थकबाकी वसूल करण्याची जडलेली खोड त्यांनी आता आफ्रिकेकडे वळविली आहे, असे माझे नम्र मत आहे.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मारास जाणारी छोटी विमाने माणशी साधारणतः 15 किलोच सामान घेतात. हे फर्मान कानी पडताच त्यांनी, एखाद्या शिल्लक तरतुदीची फिरवाफिरव करावी तितक्याच निर्विकारपणे, वहिनींच्या वाट्याचे 12 किलो लेन्सांच्या नावे वर्ग केले. उरलेल्या तीन किलोंत वहिनींनी आपला आठवड्याचा संसार आणि भाकरवडीचा एक पुडा बसविला.

सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानरेडा या पाच बड्या असामींची त्यांच्या दप्तरी नोंद असते. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी गाठून मारण्यास जे प्राणी सर्वांत दुर्घट, तेच तीत बसले, म्हणून बिचाऱ्या जिराफास एवढी उंची असूनही मान नाही. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडताच 1909 साली थिओडोर रूझवेल्ट याच प्रदेशात बंदुका घेऊन आले होते. 1977 मध्ये केनियाने शिकारीस बंदी घातली, बंदुका गेल्या, परंतु यादी कायम राहिली, आणि तिच्या वसुलीचे काम आमच्या स्नेह्यांसारख्यांच्या अंगावर पडले.

आता, सिंह हा दिवसाचे वीस-वीस तास झोपण्यात घालविणारा प्राणी असल्यामुळे, तो समोर असणे आणि तो हजर असणे या दोन भिन्न गोष्टी होत. गाडी थांबली, की हे प्रथम इंजिन बंद करवितात, कारण त्याच्या थरथरीने चित्र हलते. मग सहप्रवाशांची हालचाल बंद. मग भाकरवडीच्या पुड्याचा कुरकुर आवाज बंद. आणि सरतेशेवटी श्वासोच्छ्वासाविषयीही ते अशा नजरेने मागे पाहतात, की तोही सवडीनुसार तहकूब करणे सुज्ञास भाग पडते. रस्ता सोडून गाडी जरा आत घालण्याविषयी ते ड्रायव्हरकडे तोंडी अर्ज करतात. तो स्वाहिलीत ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे म्हणून हसतो. वहिनींस मात्र ते ‘पोळी पोळी’ असे ऐकू येते आणि त्या पुड्याकडे व्याकूळ होऊन पाहतात.

“अहो, उठला बघा तो!”

“थांब गं, सेटिंग बदलतोय.”

सेटिंग बदलेपर्यंत वनराज जांभई देऊन, कूस पालटून पुन्हा निद्राधीन झालेले असतात. तथापि एकदा, न्याय म्हणून सांगितलेच पाहिजे, जांभई नेमकी पकडली गेली. सेकंदाला वीस या वेगाने कॅमेऱ्याने चित्रांचा पाऊस पाडला आणि रात्री तंबूत रुजुवात करता असे आढळून आले, की सर्व चित्रांत सिंह धूसर असून त्याच्यापुढील गवताची एक काडी मात्र, अंगावरच्या दवासह, अप्रतिम उतरली आहे. स्नेही क्षणभरही खचले नाहीत. त्यांनी तीस ‘पर्यावास’ या सदराखाली दाखल केले.

मारा नदीच्या काठावर तीन तास उन्हात बसून काय झाले, याचा तपशील देण्याजोगा नाही: कळप पाण्यापर्यंत आला, त्याने नदीतील मगरींचा विचार केला, आणि तो परत गेला.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता त्यांच्या घरी या सर्व चित्रांचे दर्शन आहे. एकूण चित्रे 6,214. निमंत्रण आपणांसही आले असल्यास दाराजवळची खुर्ची धरावी; ती एकच आहे, आणि मी साडेचारला जाणार आहे.